कोरड्याने विझवलेला कोक

विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातल्या पहिल्या दोन झोतभट्ट्यांची नावे गोदावरी आणि कृष्णा. त्र्यंबकेश्वर आणि महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नद्यांची नावे लावणाऱ्या या भट्ट्यांना कोकमधून येणारे पाणी मात्र नको असते. तसे ते कुठल्याच झोतभट्टीला नको असते. पण सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याने ते टाळण्याची यंत्रणा उभारणीतच बसवून घेतली.

कोकमध्ये पाणी मुळात येतेच कशाला? दगडी कोळसा हवा न लागू देता हजार अंशांच्या वर सोळा-वीस तास भाजला की त्यातला गॅस आणि डांबर निघून जाते आणि उरतो तो सच्छिद्र, टणक कोक. त्यात पाण्याचा थेंबही नसतो. ओव्हनचे दार उघडून पुशर यंत्राने तो बाहेर ढकलला की लाल निखाऱ्यांची ती भिंत हवेत पेटू लागते, म्हणून तातडीने विझवावी लागते. जुनी रीत सोपी आहे: कोकने भरलेली गाडी मनोऱ्याखाली न्यायची आणि मिनिट-दोन मिनिटे पाण्याचा मारा करायचा. वाफेचा पांढरा लोट आकाशात जातो आणि थोडे पाणी कोकच्या छिद्रांत राहते. म्हणजे हा ओलावा कोळशाचा नव्हे, आपणच घातलेला.

ओल्या रीतीच्या कोकमध्ये साधारण तीन ते पाच टक्के पाणी असते. बारीक चुऱ्यात त्याहून बरेच जास्त. पाणी कमी मारले तर काही ढेकळे धुमसत राहतात आणि पुढे पट्ट्याचे रबर जाळतात. जास्त मारले तर कोक भिजतो. मनोऱ्यानंतर कोक उतरत्या फरशीवर पसरतात, तिथे उरलेल्या उष्णतेने तो आणखी थोडा सुकतो. मारा किती वेळ चालू ठेवायचा आणि गाडीत थर किती जाड ठेवायचा, हे जमलेला कारखाना ओल्या रीतीतही बरा कोक काढतो.

भट्टीवाल्यांचे दुखणे मात्र निव्वळ पाण्याचे नाही. ओलावा कायम चार टक्के असता तर तेवढे वजन वाढवून कोक भरता आला असता. पण तो पाळीगणिक बदलतो. समजा, वीस टन कोक भरला आणि ओलावा चारऐवजी सहा टक्के निघाला, तर 400 किलो कोरडा कोक कमी गेला आणि तेवढे पाणी जास्त गेले. पाणी वरच्या थरातच वाफ होऊन उडते. खाली जाणवते ती कार्बनची तूट. भट्टी थंडावते, लोखंडातले सिलिकॉन घटते, धातुमळी घट्ट होते. म्हणून अनेक ठिकाणी वजनकाट्याच्या हॉपरला न्यूट्रॉन मापक बसवतात. पाण्यातल्या हायड्रोजनला आदळून न्यूट्रॉन मंदावतात, त्यावरून ओलावा कळतो आणि पुढच्या भरणीचे वजन बदलता येते. प्रयोगशाळेत नमुना 105 ते 110 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवण्याची पद्धत भरवशाची, पण निकाल हाती येईतो तो कोक भट्टीत पोचलेला असतो.

विशाखापट्टणमने धरलेली वाट कोरड्या विझवणीची. तिथल्या बॅटऱ्यांतले, म्हणजे ओव्हनच्या सलग रांगांतले, ओव्हन सात मीटर उंच, एकेका बॅटरीत 67. बाहेर ढकललेला कोक बादलीत घेऊन क्रेनने उंच कोठीच्या माथ्यावर नेतात आणि आत सोडतात. कोठीत खालून वर नायट्रोजन फिरतो. कोक सावकाश खाली सरकतो आणि सुमारे दोनशे अंशांवर, एका टक्क्याहूनही बराच कमी ओलावा घेऊन, तळातून निघतो. सावकाश थंड झाल्याने त्याला तडेही कमी जातात.

कोरडेपणा हा या यंत्रणेचा अर्धाच लाभ. कोकची उष्णता नायट्रोजनबरोबर बॉयलरमध्ये जाते आणि तिथल्या वाफेवर साडेसात मेगावॅटची दोन टर्बाइन फिरतात. ओल्या रीतीत हीच उष्णता लोट बनून आकाशात जाते. माझ्या मते ही उष्णतेची बचतच या खर्चाचे खरे समर्थन. निव्वळ ओलावा कमी करायला एवढी कोठी, क्रेन आणि बॉयलर कोणी बांधले नसते. सोव्हिएत संघात 1960 च्या दशकात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुळली, कारण तिथल्या कडाक्याच्या हिवाळ्यात पाण्याने भिजलेला कोक गोठण्याचीही धास्ती होती. पुढे जपानने ती इंधनटंचाईच्या काळात उचलून धरली.

गैरसोयी आहेतच. फिरत्या वायूत कार्बन मोनॉक्साइड जमतो, म्हणून गळतीवर सतत नजर लागते. कोरड्या कोकची धूळ उडते आणि ती पकडायला वेगळी यंत्रे लागतात. हाच कोक पावसाळ्यात उघड्यावर साठवला, तर छिद्रांतून पाणी शिरते आणि केलेली मेहनत वाया जाते. कोकणासारख्या मुलुखात तर छपराचा खर्च आधीच धरावा लागेल. शिवाय कोठ्या दुरुस्तीला बंद ठेवल्या, तरी ओव्हन थांबत नाहीत. म्हणून पुष्कळ कारखाने जुना पाण्याचा मनोरा मोडून न टाकता जोडीला ठेवतात, आणि अशा दिवसांत कोकच्या वजनाचा हिशेब पुन्हा नव्याने मांडतात.