बोस्नियाच्या युद्धात किती माणसे मेली?

गैरसमज: बोस्नियात दोन-अडीच लाख माणसे मारली गेली.

1992 ते 1995 च्या युद्धाचा हा आकडा आजही सर्रास छापला जातो. तो पटतो, कारण वीस लाखांवर लोक घरादाराला मुकले होते. मृत्यूही त्याच मानाने असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तो युद्ध चालू असताना, बेपत्तांनाही मृत धरून बांधलेला अंदाज होता. साराएव्होच्या संशोधन व दस्तऐवजीकरण केंद्राने एकेक नाव तपासले, तेव्हा 2007 मध्ये यादीत 97,207 नावे भरली. एकच माणूस सैन्याच्या यादीत, बेपत्तांच्या यादीत आणि दफनभूमीच्या वहीत असा तीनदा येतो. वडिलांचे नाव, जन्मतारीख, गाव जुळले की मगच त्या तीन नोंदींचा एक मृत्यू होतो. हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणातील लोकसंख्यातज्ज्ञांनी 1991 च्या जनगणनेशी याद्या ताडल्या आणि निसटलेल्यांचा हिशेब धरून 1,04,732 हा अंदाज काढला.

गैरसमज: सर्वाधिक बळी वेढ्यातल्या साराएव्होत गेले.

जगाचे कॅमेरे तिथे होते, म्हणून तसे वाटते. बाजारात पडलेला तोफगोळा त्याच संध्याकाळी जगभर दिसत होता. द्रिना नदीकाठच्या गावांतली कत्तल टिपायला मात्र कोणी नव्हते. नावांची यादी तारीख आणि गावानिशी लावल्यावर दिसले की सर्वाधिक मृत्यू द्रिनाच्या खोऱ्यात झाले आणि सर्वांत प्राणघातक वर्ष होते 1992, युद्धाचे पहिलेच. बातम्यांच्या संख्येवरून मृत्यूंचा आलेख काढला तर तो चुकणारच.

गैरसमज: मृतदेह मोजले की हिशेब पुरा.

स्रेब्रेनित्सात जुलै 1995 मध्ये आठ हजारांवर पुरुष व मुलगे मारले गेले. पुरावा लपवण्यासाठी कबरी यंत्रांनी उकरून प्रेते दुसरीकडे गाडण्यात आली. एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या कबरींत विखुरली. नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवूनच ओळख पटवावी लागली.

गैरसमज: आकडा खाली आणणे म्हणजे अत्याचारांवर पांघरूण.

ज्यांनी माणसे गमावली त्यांना असे वाटले, तर त्यांना दोष देता येत नाही. पण फुगवलेला आकडाच नाकारणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो. नावांच्या यादीने उलट हे उघड केले की मेलेल्या दर पाच नागरिकांपैकी चारांहून अधिक बोस्नियाक मुस्लिम होते.