निर्वासितांना रोजगार : केवळ सवलत पुरेशी नाही

युद्धामुळे देश सोडावा लागलेल्या माणसाला प्रथम निवारा, अन्न आणि औषधे लागतात. मात्र परतीचा मार्ग वर्षानुवर्षे बंद राहिला, की मदतीच्या शिध्यावर संसार चालत नाही; रोजगार लागतो. तो मुख्यतः खासगी कारखाने, शेती आणि बांधकामे यांतूनच मिळू शकतो. परंतु उद्योगांना सवलती दिल्या म्हणजे निर्वासितांना आपोआप काम मिळते, असे नाही. जॉर्डनचा अनुभव याबाबत बोलका आहे.

समझोता काय होता?

सीरियात २०११ मध्ये संघर्ष पेटल्यानंतर लाखो नागरिकांनी जॉर्डनमध्ये आश्रय घेतला. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे कामाचा परवाना नव्हता. त्यामुळे अनेकांना लपूनछपून आणि कमी मजुरीवर राबावे लागे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडन येथील परिषदेत जॉर्डनने सुमारे २ लाख सीरियनांना रोजगाराची संधी खुली करण्याचे मान्य केले. त्या बदल्यात देशाला अर्थसाह्य, सवलतीची कर्जे आणि युरोपची बाजारपेठ मिळणार होती.

त्याच वर्षी युरोपीय संघाने निर्यातीचे नियम शिथिल केले. आयात केलेल्या कापडापासून शिवलेले कपडेही जॉर्डनचेच उत्पादन मानून शुल्कमुक्त विकता येणार होते. कारखान्यातील किमान १५ टक्के कामगार सीरियन निर्वासित असावेत आणि तिसऱ्या वर्षापासून हे प्रमाण २५ टक्के व्हावे, अशी अट होती.

अडचण कोठे आली?

फारच थोड्या कारखान्यांनी या सवलतीचा लाभ घेतला. औद्योगिक क्षेत्रे निर्वासितांच्या वस्त्यांपासून दूर होती. वेतन कमी आणि कामाचे तास अधिक होते. लहान मुले घरी ठेवून दूरवर जाणे स्त्रियांना शक्य नव्हते. तयार कपड्यांच्या या कारखान्यांत आधीपासून प्रामुख्याने बांगलादेश, भारत, श्रीलंका आदी देशांतील कामगार होते. ते कारखान्यालगतच्या वसतिगृहांत राहत. कुटुंबासह राहणाऱ्या निर्वासितांना तसे राहणे शक्य नव्हते.

परवाना एकाच मालकाशी बांधलेला असणे, ही आणखी एक अडचण होती. शेती आणि बांधकामातील मजूर हंगामानुसार मालक बदलतो. त्यामुळे शेतीत सहकारी संस्थांमार्फत आणि बांधकामात कामगार महासंघामार्फत परवाने देण्यास सुरुवात झाली. हा बदल अधिक उपयोगी ठरला. २०१८ मध्ये युरोपीय संघानेही सवलत औद्योगिक क्षेत्रांपुरती न ठेवता संपूर्ण देशाला लागू केली आणि तिची मुदत २०३० पर्यंत वाढविली.

मालक काय करू शकतात?

निर्वासितांना कामावर घेण्यासाठी कंपन्यांना एकत्र आणणारी ‘टेंट’ ही संस्था अमेरिकेतील चोबानी दही कंपनीचे संस्थापक हमदी उलुकाया यांनी स्थापन केली. भाषेचे वर्ग, येण्या-जाण्याची सोय, पाळणाघर आणि प्रमाणपत्र हरवले असल्यास प्रत्यक्ष कौशल्याची चाचणी, या बाबी मालकाच्या हातात असतात. कायदेशीर परवाना देणे मात्र सरकारच्याच हातात असते.

हा मुद्दा भारतालाही लागू पडतो. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर जॉर्डनप्रमाणेच भारतानेही स्वाक्षरी केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. कागदपत्रे स्पष्ट नसतील, तर इच्छुक मालकही नोकरी देण्यास कचरतो. अशा वेळी निर्वासिताला काम मिळाले, तरी त्याला कायद्याचे संरक्षण मिळत नाही.