गिअर चार, सहा की दहा?

ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल फार पिते, हे मत आपल्या घरांत चांगलेच रुजले आहे. त्याला कारणही होते. मारुतीची अर्टिगा घ्या. 2022 पर्यंत तिच्या ऑटोमॅटिकला चारच गिअर होते. कंपनीचे जाहीर मायलेज लिटरला 17.99 किलोमीटर, तर मॅन्युअलचे 19.01. क्लचपासून सुटका हवी तर लिटरमागे किलोमीटरभर सोडायचे! 2022 मध्ये सहा गिअर आले आणि आकडा 20.30 झाला. सगळे श्रेय गिअरचे नाही, त्याच वेळी इंजिनही बदलले. पण त्याच नव्या इंजिनाची मॅन्युअल 20.51 देते. म्हणजे दोघींतला फरक पाव किलोमीटरच्याही आत आला. गुडघेदुखीने बेजार आमच्या शिक्षकवर्गासाठी ही मोठीच गोष्ट.

हे होते कसे? इंजिन ठराविक फेऱ्यांच्या टप्प्यात कमी इंधनात जास्त काम करते. माडीच्या जिन्याला चारच पायऱ्या असतील तर पाय फार उंच टाकावा लागतो; सहा असतील तर दम लागत नाही. गिअर जास्त असले की इंजिन त्या सोयीच्या टप्प्यात राहते, आणि हायवेवर वरच्या गिअरमध्ये सावकाश फिरते. आवाजही कमी.

मग दहा गिअर आणखी चांगले? जनरल मोटर्सने 1939 मध्ये चार गिअरची ऑटोमॅटिक आणली. पुढे कित्येक दशके तीन-चारवरच भागले. जर्मनीच्या झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स 2009 मध्ये आला, नंतर मर्सिडीजने नऊ केले, फोर्ड आणि जनरल मोटर्सने मिळून दहा. अमेरिकेतल्या लांब रस्त्यांवर ओझे ओढणाऱ्या पिकअपला ते शोभतात. चारवरून सहावर जाताना जे मिळते, ते आठवरून दहावर मिळत नाही. पायऱ्या आधीच जवळजवळ असतात. शहराच्या गर्दीत वरचे गिअर लागतच नाहीत, आणि वॉरंटी संपल्यावर गुंतागुंतीच्या बॉक्सची दुरुस्ती महाग पडते.

सीव्हीटीत तर ठरलेले गिअरच नसतात, पट्टा पुलीवर सरकत राहतो. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्सच, फक्त क्लच दाबणे आणि गिअर बदलणे यंत्र करते. मायलेज चांगले, पण गिअर बदलताना झटका बसतो. म्हणून विक्रेत्याला गिअर किती हे विचारून थांबू नका. घरची सगळी मंडळी बसवून गाडी चढावर न्या. ती गिअर शोधत घुटमळते का, तेवढे पाहा.