हात बसतो म्हणजे काय?

आमच्या घरात ‘हात बसणं’ हा शब्दप्रयोग पोळ्यांपासून पेटीपर्यंत सगळ्याला चालतो. पोळीचा नकाशा झाला, हात बसेल. पेटीवर बोट चुकलं, हात बसेल. त्यामुळे भाचीनं युकुलेले आणलं आणि आठवड्याभरात ती डावा हात चोळत बसली, तेव्हा आईनं ठरलेलं औषध दिलं, “दुखल्याशिवाय हात बसत नाही गं.” आम्ही ग्वाल्हेरकर, भाचीचं मराठीही तिथल्या लष्कर भागातलं. ती म्हणाली, “अगं आजी, पण माझा अंगठा तर एकदम जाम होऊन जातो!”

आता बोटांची टोकं दुखणं वेगळं आणि अंगठा जाम होणं वेगळं. टोकं दुखतात ती कातडीची तक्रार. रोज थोडं वाजवलं की काही आठवड्यांत तिथली त्वचा जाड होते आणि तक्रार मिटते. आई म्हणते ते तेवढ्यापुरतं खरं. पण अंगठ्याचं मूळ, मनगट किंवा कोपराखालचा हात भरून येत असेल, तर तो रियाजाचा पुरावा नाही. कुठेतरी गरजेपेक्षा जास्त जोर लागतोय, एवढाच त्याचा अर्थ.

गरज किती असते? युकुलेले हे वाद्य तसं पोरगेलंच. १८७९ साली मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाच्या जहाजानं होनोलुलूला उतरले, त्यांच्यासोबत आलेल्या छोट्या तंतुवाद्यावरून हवाईत ते घडलं. सर्वात लहान, सोप्रानो युकुलेलेवर तारेची वाजणारी लांबी साधारण ३५ सेंटीमीटर. गिटारची ६५ च्या आसपास. तारा नायलॉनच्या किंवा तशाच कृत्रिम धाग्याच्या, चारच, आणि चारींचा मिळून ताण पंधरा किलोंच्या आसपास. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारा मिळून सत्तर किलोंनी ओढत असतात. म्हणजे एवढ्याशा वाद्यावर हात दुखायचं खरं तर कारण नाही. तरी दुखतो.

वाळत घालायच्या दोरीवर याचं उत्तर आहे. दोरी मधोमध दाबून पाहा, सहज खाली जाते. तीच दोरी खिळ्याजवळ दाबा, तेवढीच खाली न्यायला कितीतरी जास्त जोर लागतो, कारण खिळ्याकडचा तुकडा आखूड असल्यानं तिथे कोन एकदम तिरका होतो. पडदे म्हणजे वाद्याच्या मानेवर आडवे बसवलेले धातूचे टेकू. युकुलेलेचा पहिला पडदा खुंट्यांजवळच्या पट्टीपासून जेमतेम दोन सेंटीमीटरवर. नवशिक्याला सुरुवातीच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे स्वर, शिकवतात त्या नेमक्या याच, खिळ्याजवळच्या टापूत. त्यात त्या पट्टीवरच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतील, तर तार पडद्यापासून उगाच उंच राहते आणि पहिल्याच पडद्यावर बोटं घायकुतीला येतात. स्वस्त वाद्यांत हा दोष फार. बारीक कानशीनं खाचा थोड्या उतरवल्या की तेच वाद्य मऊ होतं. मुलीचा हात नाजूक आहे असं म्हणण्याआधी ती खाच बघावी, हे माझं स्पष्ट मत.

दुसरी गोष्ट पडद्याची. बोट दोन पडद्यांच्या मध्ये टेकतं, पण सूर ठरवतो पुढचा पडदा. तिथे तार घट्ट टेकली तर स्वच्छ वाजते, सैल टेकली तर खरखरते. काठीला हंडा अडकवून दोघं जण नेत असतील, तर हंडा ज्याच्या जवळ सरकवाल त्याच्यावर जास्त भार. तसंच इथे. बोटाचा दाब मागच्या आणि पुढच्या टेकूत वाटला जातो. बोट मागे राहिलं तर दाबाचा मोठा हिस्सा नको तिथे जातो आणि खरखर थांबवायला आपण आणखी दाबतो. बोट पुढच्या पडद्याच्या अगदी मागे, पण त्याच्यावर न चढता ठेवलं, की कमी जोरात काम होतं. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे: एका तारेवर बोट ठेवून तार छेडत राहा आणि दाब हळूहळू कमी करत जा. खरखर सुरू होते त्याच्या एक पायरी अलीकडचा दाब म्हणजे गरज. भाचीनं हे केलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर ती लावत होती. जास्त दाबल्यानं आवाज वाढत नाही, उलट तार ताणली जाऊन सूर किंचित चढा लागतो.

पडद्यांची अंतरं काही हाताच्या सोयीनं ठरत नाहीत. एका सप्तकाचे बारा सारखे टप्पे करायचे, तर दर पडद्याला उरलेल्या लांबीचा सुमारे अठरावा भाग कमी करत जावं लागतं. पेटीच्या पट्ट्या सगळीकडे सारख्या रुंद, इथे तसं नाही. ३५ सेंटीमीटरच्या तारेवर पहिलं घर, म्हणजे पडद्याआधीची मोकळी जागा, दोन सेंटीमीटरचं आणि बारावं एकाच सेंटीमीटरचं. चौथं दीडपेक्षा जरासं मोठं. आणि ‘ई’ या कुप्रसिद्ध कॉर्डला त्याच चौथ्या घरात तीन शेजारच्या तारांवर तीन बोटं कोंबायची असतात! मोठ्या माणसाचं एक बोट दीड सेंटीमीटरच्या आसपास रुंद, तारा एकमेकींपासून जेमतेम सेंटीमीटरभर. मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट मागणाऱ्यांचं शास्त्र इथे चालत नाही. म्हणून अनुभवी वादक तीन बोटांऐवजी एकच बोट तिन्ही तारांवर आडवं टाकतात, किंवा सरळ ‘ई सेव्हन’ वाजवून पुढे जातात. यात कमीपणा नाही.

आता हाताकडे वळू. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपराखालच्या हातात असतात. तिथून दोऱ्यांसारखे कंडरे मनगटातून बोटांपर्यंत जातात, कळसूत्री बाहुलीसारखे. मनगटात हाडांच्या आणि एका चिवट पट्ट्याच्या मधल्या अरुंद बोगद्यातून बोटं आणि अंगठा मिटवणारे नऊ कंडरे जातात आणि त्यांच्यासोबत एक महत्त्वाची चेताही. मनगट सरळ असतं तेव्हा त्या बोगद्यातला दाब सर्वांत कमी असतो. मनगट आत किंवा बाहेर फार मुडपलं की तो चढतो.

वाचता वाचता करून बघा. हात पुढे धरून मनगट सैल सोडा, पंजा खाली लोंबू द्या. बोटं आपोआप उघडतील. आता मनगट मागे उचला. बोटं आपोआप थोडी मिटतील. कुठलाही हुकूम न देता. पुढचा भाग: मनगट पूर्ण आत वळवून मूठ आवळायचा प्रयत्न करा. मूठ धड मिटतच नाही. आत वळवलेल्या मनगटानं तारा दाबणं म्हणजे आखूड झालेल्या दोरीनं बादली ओढणं. भाची वाद्य आडवं धरून, कोपर अंगाशी चिकटवून वाजवत होती. त्या बैठकीत मनगट आत वळण्यावाचून गत्यंतर नसतं. वाद्याची मान जरा वर उचलली, कोपर अंगापासून सुटं केलं, की मनगट स्वतःहून सरळ येतं.

अनामिकेचा आणखी एक खोडसाळपणा. पंजा टेबलावर टेकवा, मधलं बोट दुमडून तळव्याखाली घ्या आणि अनामिका उचलून बघा. उचलत नाही. बोटं सरळ करणारे कंडरे हाताच्या पाठीवर एकमेकांशी आडव्या धाग्यांनी बांधलेले असतात, त्यात अनामिका सगळ्यात जास्त अडकलेली. आणि युकुलेलेवर पहिली कॉर्ड शिकवतात ती ‘सी’, एकट्या अनामिकेची! सोपी म्हणून शिकवतात, आणि सोपी आहेही, कारण एकच बोट. पण पहिल्या दिवशी ते बोट ऐकत नसेल तर त्यात मुलांचा आळस नाही, रचनाच तशी आहे.

राहिला अंगठा. तो मानेच्या मागे, साधारण पहिल्या दोन बोटांच्या समोर, टेकायला आहे, चिमटा काढायला नाही. भाचीचा अंगठा जाम होत होता तो वेगळ्याच कारणानं. युकुलेले घसरत होतं आणि अंगठा ते उचलून धरत होता. एकाच हातानं भार पेलायचा आणि त्याच हातानं बोटं नाचवायची, हे कसं जमणार? वाद्य उजव्या हाताच्या कोपराखालच्या भागानं छातीशी टेकवावं, नाहीतर सरळ खांद्याला पट्टा बांधावा. शंभर-दोनशे रुपयांच्या पट्ट्यानं जे होतं, ते महिन्याभराच्या सोशिकपणानं होत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील तर मात्र वाद्य खाली ठेवून डॉक्टरांकडे जावं.

हे सगळं समजावून झाल्यावर मी तिला जिवाजीगंजातल्या सरोद घरात घेऊन गेले. उस्ताद हाफिज अली खाँ यांचं हे पिढीजात घर. ते शिंद्यांच्या दरबारचे सरोदवादक, त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ १९४५ साली इथे ग्वाल्हेरात जन्मले. आता तिथे संग्रहालय आहे. आम्हा ग्वाल्हेरकरांना गाण्याच्या गावात राहतो याचा मोठा अभिमान. १९१८ साली संगीतशास्त्रज्ञ भातखंडे आणि महाराज माधवराव शिंदे यांनी इथे संगीत विद्यालय काढलं, २०२३ मध्ये युनेस्कोनं शहराला ‘संगीत नगरी’ म्हटलं. पण अभिमान बाळगणाऱ्या निम्म्या लोकांनी सरोद जवळून पाहिलेला नसतो, त्यांत मीही होते.

सरोदला पडदेच नाहीत. लाकडाऐवजी गुळगुळीत धातूची पट्टी, वर धातूच्या तारा. पूर्वज वाद्य अफगाणी रबाब, त्याच्या तारा आतड्याच्या, पट्टी लाकडाची. तिथे धातू आणण्याचं श्रेय हाफिज अली खाँ यांच्या बंगश घराण्याची परंपरा ग्वाल्हेर दरबारचे गुलाम अली खाँ यांना देते. इतर घराण्यांचं म्हणणं वेगळं आहे, त्या वादात मी पडत नाही. आपल्या विषयाचा मुद्दा डाव्या हाताचा. बंगश घराण्यात तार बोटाच्या मऊ टोकानं नाही, नखाच्या कडेनं दाबतात.

कारण साधं आहे. बोटाचं टोक म्हणजे गादी. कंप पावणारी तार गादीवर टेकली की गादी कंप पिऊन टाकते, बारीक, चमकदार स्वर आधी मरतात. नख कडक, ते तारेला पक्का टेकू देतं. त्यामुळे आवाज टिकतो, आणि टिकतो म्हणून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी लांब मींड ऐकू येते. खाली घर्षण कमी व्हावं म्हणून धातूची पट्टी. नख, तार आणि पट्टी मिळून ते एक यंत्रच आहे.

संग्रहालयातल्या काचेसमोर उभं असताना माझ्या लक्षात आलं की युकुलेलेचा धातूचा पडदा तेच काम करतो, जे सरोदियाचं नख करतं. तारेला कडक टेकू. युकुलेलेवर तो टेकू कारागिरानं आधीच बसवून दिलाय, बोटानं तार फक्त तिथवर न्यायची. बोट दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी सूर तोच. सरोदियाला टेकूही स्वतःच द्यायचा आणि जागाही स्वतःच शोधायची, आणि केसभर चूक झाली की पहिल्या रांगेतले म्हातारे मान हलवायचे थांबतात. किंमत नख मोजतं. तारेनं त्यात खाच पडते, ती कानशीनं घासावी लागते. नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं, वादकाचं भांडवल तेवढंच.

स्वराची नेमकी जागा नखाला माहीत नसते, डोक्याला असते. थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘सायन्स’मध्ये एक छोटा, पण गाजलेला अभ्यास छापला. व्हायोलिन, चेलो आणि गिटार वाजवणारे मिळून फक्त नऊ वादक. त्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांच्या स्पर्शाला दिलेली जागा न वाजवणाऱ्यांपेक्षा मोठी आढळली. करंगळीची वाढ अंगठ्यापेक्षा जास्त, आणि जितक्या लहानपणी सुरुवात तितका फरक मोठा. नऊ जणांवरून फार मोठ्या बाता मारू नयेत, पण अंगठ्याच्या मागे राहण्याची गंमत वाटतेच. तारा दाबणारी चार बोटं, अंगठा नुसता टेकलेला. हात बसतो तो बहुधा असा, मेंदूत जागा धरून.

घरी परतताना भाचीनं विचारलं, “मावशी, मग मी पण नखं वाढवू का?” मी नाही म्हटलं. युकुलेलेवर उलटा कायदा आहे. डाव्या हाताची नखं वाढली की आधी ती लाकडावर टेकतात, बोटाचं टोक तिरपं पडतं आणि शेजारची तार झाकली जाते. घरी आल्याबरोबर ती नेलकटर घेऊन ओसरीवर बसली. दिवेलागण झाली होती. पहिलं नख कटकन उडालं आणि आतून आईचा आवाज आला, “तिन्हीसांजेला नखं कोण कापतंय गं?”