कलाभवनातील यंत्रविद्या

बडोद्यातले ‘कलाभवन’ म्हटले की परगावचा पाहुणा चित्रे किंवा नृत्य पाहावयास मिळेल अशा समजुतीने येतो, आणि लेथ पाहून चकित होतो! श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली ही संस्था काढली ती हुन्नर व धंदे यांना शास्त्राची जोड मिळावी म्हणून. पहिले प्राचार्य रसायनज्ञ त्रिभुवनदास गज्जर. विद्या मातृभाषेतून द्यावी हा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी गुजरातीत ग्रंथ करविले. रंगकामाबरोबर यंत्रविद्याही तेथे शिकवीत. (आपले दादासाहेब फाळके येथलेच विद्यार्थी.)

यंत्रविद्या म्हणजे नुसती गणिते नव्हेत. बिडाची साधी कप्पी ओतावयाची तरी आधी लाकडी नमुना करावा लागतो, आणि तोही मापाहून किंचित मोठा. कारण बीड थंड होताना शेकडा सुमारे एक भाग आकसते. मग वाळूचा साचा, ओतकाम, आणि शेवटी लेथवर कातकाम. सुतार, ओतारी आणि गणिती असे तिघे एकाच विद्यार्थ्यात घडवावे लागतात.

१९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्र व अभियांत्रिकी विद्याशाखा झाले. यंत्र-अभियांत्रिकी विभाग तिच्यातलाच. पदवीने मान वाढला, त्याचा आम्हांस आनंदच आहे. पण पदवीबरोबर इंग्रजीही आली. आम्ही पडलो शाळामास्तर. बिघडलेला पंप उघडून पुन्हा चालू करणारा आमच्या वर्गातला मुलगा केवळ इंग्रजीच्या धास्तीने त्या दारापर्यंत जात नाही, तेव्हा आम्हांला गज्जरांची आठवण येते.