खाणीच्या पिंजऱ्यात चाकांची खुर्ची

दक्षिण वेल्समधील ब्लेनाव्हॉन येथील 'बिग पिट' ही कोळसा खाण १९८० मध्ये बंद पडली आणि १९८३ पासून पर्यटकांसाठी खुली झाली. पिंजऱ्यासारख्या लिफ्टने ९० मीटर खाली उतरायचे आणि माजी खाणकामगारांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे ५० मिनिटे बोगद्यांतून हिंडायचे, असा हा फेरफटका असतो. २००० मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. औद्योगिक स्थळे अपंगांना दाखवताना कोणते पेच पडतात, हे समजून घेण्यासाठी याहून बोलके ठिकाण क्वचितच सापडेल.

खाली जाण्यापूर्वी प्रत्येकाला मोबाइल, बॅटरीवरचे घड्याळ, काडेपेटी वरच ठेवावी लागते. खाणीत मिथेन वायू असू शकतो आणि एखादी ठिणगीही घात करू शकते. साहजिकच विजेवर चालणारी चाकांची खुर्ची या नियमात अडकते. मग उरतो तो हाताने ढकलायच्या खुर्चीचा मार्ग. त्यासाठी आगाऊ नोंदणी आणि सोबत माणूस हवा. श्रवणयंत्रालाही बॅटरी असतेच! अशा शंकांचे उत्तर पिंजऱ्याच्या दारात नव्हे, तर तिकीट काढण्यापूर्वी मिळायला हवे. ब्रिटनमधील २०१० च्या समानता कायद्याचा रोखही हाच आहे. अपंग व्यक्ती दारात येईपर्यंत न थांबता सेवा देणाऱ्याने सोयींचा विचार आधीच करून ठेवावा, असे तो सांगतो.

हेल्मेट, दिवा आणि कमरेचा पट्टा मिळून सुमारे पाच किलोंचे ओझे अंगावर चढते. पाठीचे दुखणे असलेल्याला हे आधी कळलेले बरे. फेरीत एका ठिकाणी सर्वांना दिवे मालवायला सांगतात. डोळसांना त्या काळोखाचे अप्रूप वाटते. पण ओठांच्या हालचालींवरून किंवा खुणांच्या भाषेतून संवाद साधणाऱ्या कर्णबधिराचा माहितीचा धागा त्याच क्षणी तुटतो. पुढे काय होणार, हे त्याला उजेडातच सांगून ठेवले तर तोही त्या काळोखाचा आनंद घेऊ शकेल. अंध पाहुण्याला मात्र लाकडी टेकू, रूळ, खडबडीत भिंत हातांनी चाचपू दिली, तर खाण इतरांपेक्षा अधिक उमगेल.

चालू कारखान्यांत अडचणी निराळ्या. उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा. म्हणजे तीन मीटर उंचीच्या सज्जावर जायला ३६ मीटर लांबीचा उतार लागतो, मधले विसावे वेगळेच. तेथे लिफ्टच हवी. पण आगीच्या वेळी ती वापरता येत नाही, म्हणून सुरक्षित थांबा आणि जिन्यावरून उतरवणारी खास खुर्ची लागते. प्रबळ चुंबकीय क्षेत्र असलेल्या विभागात पेसमेकरवाल्यांसाठी वेगळा मार्ग आखावा लागतो. यंत्रांच्या गोंगाटात बोलणे ऐकू येत नाही, तेव्हा छापील टिपण सर्वांच्याच उपयोगी पडते.

वेस्टर्न कोलफील्ड्सने राज्य पर्यटन महामंडळासोबत २०१६ मध्ये नागपूरजवळील सावनेर येथे खाण पर्यटन सुरू केले. त्याच वर्षी संमत झालेल्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक जागा सुगम करण्याची तरतूद आहे. अशा सहलींच्या जाहिरातीत पायऱ्या किती, चालणे किती, बॅटरी चालेल की नाही, एवढे चार ओळींत छापायला फारसा खर्च येत नाही.