गाऱ्हाणे ऐकणारा कान

दुःख औषधाने हटते, तसेच ते कोणी शांतपणे ऐकून घेतल्यानेही हलके होते, हा अनुभव आपल्या घराघरांतून जुना आहे. परंतु शासनाच्या आणि रुग्णालयांच्या व्यवस्थेत या अनुभवास स्थान किती, असे विचारल्यास समाधानकारक उत्तर मिळणार नाही. नर्मदेच्या उत्तर तीरावरील धरमपुरी आणि तिच्या आसपासचा आदिवासी मुलूख या संदर्भात विचार करण्याजोगा आहे, म्हणून आज तिकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

धरमपुरी हे मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचे जुने नगर. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. तेव्हा हा प्रदेश मराठी माणसास अगदीच परका नव्हे. नदीकाठी महादेवाचे स्थान, आणि जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल व भिलाला यांच्या वस्त्या. तेथे कोणाचे अन्नपाणी तुटले, कोणी रात्री दचकून उठू लागला, की बडव्यास बोलावणे जाते. पंढरपूरच्या बडव्यांशी या बडव्याचा काही संबंध नाही. हा वस्तीचा पुजारी आणि वैदूही. तो धान्याचे दाणे पाहतो, देवांना आणि पितरांना आळवितो. पण त्याबरोबर तो विचारतोही: दुखणे केव्हा लागले? भांडण कोणाशी झाले? कोणता नवस फेडावयाचा राहिला? भोवती घरची आणि शेजारची माणसे बसलेली असतात, आणि उठून जाण्याची घाई कोणास नसते.

या विधीचे खरे बळ आमच्या मते येथे आहे. दाण्यांत रोग दिसतो की नाही, हा वाद आम्ही बाजूस ठेवतो. आजाऱ्याचे दुखणे त्या रात्री त्याच्या एकट्याचे राहत नाही, ते साऱ्या वस्तीचे होते, एवढी गोष्ट निर्विवाद आहे.

आपल्या गोव्याकोकणास हे नवीन नाही. ग्रामदेवतेपुढे आपण जे घालतो त्यास गाऱ्हाणे म्हणतात, आणि गाऱ्हाणे या शब्दाचा सरळ अर्थ तक्रार असाच आहे. एकाने सांगावे आणि जमलेल्यांनी ‘होय महाराजा’ म्हणून साथ द्यावी, या रीतीत श्रद्धेइतकेच शहाणपणही आहे. सांगणाऱ्याचे म्हणणे चारचौघांनी ऐकले, याची ती पोचच होय.

तथापि या परंपरेची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जो कान दुःख ऐकतो, त्याच्याच तोंडून कधी एखाद्या असहाय बाईचे नाव डाकीण म्हणून बाहेर पडते, आणि एकाचे दुखणे दुसरीच्या जिवावर उठते. राजस्थानने याविरुद्ध २०१५ साली स्वतंत्र कायदा केला; महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही अशा छळास गुन्हा ठरविले. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा श्रद्धास्थानाच्या आश्रयास आणलेले, साखळीने बांधलेले मनोरुग्ण होरपळून मेले. ऐकून घेणे संपून दोष देणे आणि डांबणे सुरू झाले, की विधीतील दया संपते.

पण न ऐकण्याचे पाप एकट्या बडव्याच्या माथी मारता येणार नाही. नर्मदा जलविवाद लवादाची स्थापना १९६९ साली झाली आणि त्याचा निवाडा १९७९ साली आला. दहा वर्षे त्याने ऐकले ते चार राज्यांचे. ज्यांची घरे बुडावयाची होती, ते त्या वादात पक्षकार नव्हते. पुढे सरदार सरोवराच्या बुडीताच्या यादीत धरमपुरीचेही नाव आले, आणि २०१९ साली जलाशय १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. विस्थापितास भूखंड देता येतो, भरपाई मोजता येते. पण वस्ती विखुरली की दुखण्याच्या रात्री भोवती बसणारी माणसेही विखुरतात. त्यांची नोंद कोणत्या पंचनाम्यात होते?

मग उपाय काय? तो शोधण्यास दूर जावयास नको. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने, डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने, येथील आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन खिन्नतेने व चिंतेने ग्रासलेल्या रुग्णांशी बोलण्यास बसविले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली त्याचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत अशी सोबत लाभलेल्या रुग्णांपैकी शेकडा सुमारे ६६ सहा महिन्यांत बरे झाले. ती न लाभलेल्यांत हे प्रमाण ४२ ते ४३ होते. हे केवळ ऐकण्याचे फळ नव्हे. गरजेप्रमाणे औषध होते, वर मनोविकारतज्ज्ञाची देखरेख होती. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसलाही नाही. तरी ज्या सरकारी केंद्रांत गरीब माणूस येतो, तेथेच लाभ दिसावा, ही गोष्ट बोलकी आहे.

बडव्याची अंधश्रद्धा टाकावी, पण त्याची बैठक टाकू नये, असे आमचे मत आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ऐकण्याचे शिक्षण घेतलेली एक तरी व्यक्ती नेमावी. पुनर्वसन करताना वस्ती न फोडता एकत्र वसवावी. आणि बडव्यांना हिणविण्यापेक्षा, कोणता रोगी दवाखान्यात तातडीने न्यावा आणि कोणाचेही नाव डाकीण म्हणून का घेऊ नये, हे त्यांना विश्वासात घेऊन पटवावे. देवापुढे गाऱ्हाणे घालणारा माणूस सरकारी कचेरीतही गाऱ्हाणेच घेऊन येतो. तेथे त्यास आधी बसावयास सांगणारे आणि त्याचे बोलणे पुरे होऊ देणारे कोणी असावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.